तिसरी व्हीएमसी घ्यायच्या आधी जुन्या दोन कुठे अडून उभ्या राहतात ते बघा

पत्र:

दादा, मकरपुरा जीआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. व्हॉल्व्हच्या बॉडी, बॉनेट, फ्लँज असे पार्ट करतो. चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग-ड्रिलिंग मशीन), बावीस माणसं, वर्षाला साधारण ४ कोटींचं काम. बाबा कलाभवनमधून शिकून बाहेर पडले आणि त्यांनी हे उभं केलं, आता तीन वर्षांपासून मी बघतेय. सकाळी ८ ते रात्री ८ चालतं, महिन्यातले दोन रविवारही जातात, तरी निम्म्या ऑर्डरी लेट. माल व्हीएमसीपाशी साचतो. प्रत्येक व्हीएमसीवर दिवसाला दोन सेटिंग (एक जॉब संपवून पुढच्यासाठी मशीन तयार करणं) होतात, एकेकाला दोन तास लागतात. शॉपमध्ये कधीही बघा ३,००० पीस पडलेले असतात आणि डिस्पॅच रोज २०० च्या आसपास. बँक ३० लाखांचं लोन द्यायला तयार आहे, मला वाटतं तिसरी व्हीएमसी घ्यावी. बाबा म्हणतात मशीन पुरेशी आहेत, माणसं ढिली पडलीत. एक कन्सल्टंट येऊन गेले, ते म्हणाले ओईई (मशीनच्या कार्यक्षमतेचा आकडा) ८५ टक्के पाहिजे, आधी ईआरपी (ऑर्डर-मालाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका. तिघांचं ऐकून डोकं बधिर झालंय. काय करू?
- एक वाचक, वडोदरा

उत्तर:

ताई, तुम्ही पत्रात आकडे दिलेत ते फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसतं "प्रॉडक्शन निघत नाही" एवढंच लिहितात, मग सल्ला तरी कशावर द्यायचा. तुमचे आकडे वाचल्यावर मी सरळ सांगतो, मशीन आत्ता घेऊ नका. कधीच घेऊ नका असं म्हणत नाहीये, पण आत्ता नको, आणि का नको ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो.

८ ते ८ म्हणजे बारा तास, त्यातून जेवण-चहाचा एक तास काढला की ११ तास राहिले. दोन सेटिंगचे चार तास गेले. म्हणजे प्रत्येक व्हीएमसी दिवसाला ७ तासच काम करू शकते, आणि हे सुद्धा लाईट गेली नाही, माल वेळेवर आला, ऑपरेटर आजारी नाही असं सगळं सुरळीत धरून. आता नवीन व्हीएमसी आणली तर तीही तुमच्याच शॉपमध्ये बसणार, तिलाही रोज दोन सेटिंग, तिचेही चार तास असेच जाणार. महिन्याचे २६ दिवस धरले तर २८६ तासांतून १०४ सेटिंगमध्ये गेले, हातात आले १८२ तास. त्यासाठी ३० लाख, पाच वर्षं, साडेदहा टक्के धरले तरी हप्ता महिन्याला साडेचौसष्ट हजारांच्या आसपास बसतो, शिवाय ऑपरेटरचा पगार, टूलिंग, वीजबिल वेगळं, आणि जागा तर तुमच्याकडे आधीच नसेल कारण ३,००० पीस जमिनीवर आहेत.

आता दुसरा हिशोब. समजा काही न विकत घेता दोन तासांची सेटिंग पन्नास मिनिटांवर आली. एका सेटिंगमागे ७० मिनिटं वाचली, दिवसाला दोन मशीनच्या मिळून चार सेटिंग, म्हणजे २८० मिनिटं, महिन्याला १२१ तास. नवीन मशीन जेवढं देणार होतं त्याच्या दोन तृतीयांश तुमच्याच शॉपमधून निघालं, हप्ता शून्य. आणि पन्नास मिनिटं हा काही अवघड आकडा नाही बरं का, हे आपल्याकडच्या साध्या शॉपमध्ये होताना मी पाहिलंय.

बाबांचं म्हणणं माणसं ढिली पडलीत. मी तुमच्या शॉपमध्ये आलेलो नाही म्हणून तुमच्या माणसांबद्दल बोलणार नाही, पण पोर-रमणगामडीच्या एका शॉपमध्ये उभं राहून एक सेटिंग पूर्ण बघितली होती ती सांगतो, मग तुम्ही ठरवा ढिलं कोण होतं ते.

शेवटचा पीस उतरला. ऑपरेटर सेटरला शोधायला गेला, सेटर सीएनसीवर इन्सर्ट बदलत होता, म्हणाला हे संपवून येतो. पंधरा मिनिटं गेली. मग फिक्स्चर (पीस मशीनवर धरून ठेवणारा साचा) आणायला दोघं रॅककडे गेले, ते दुसऱ्या दोन फिक्स्चरच्या खाली होतं, म्हणून तिसऱ्या माणसाला हाक मारली, चेनपुली लावली. टेबलवर ठेवल्यावर कळलं टी-बोल्ट चारपैकी दोनच आहेत, उरलेले दोन बाजूच्या मशीनवर. तिकडून काढले तर ते उंचीला मोठे, मग वॉशर शोधले. मग डायल (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून फिक्स्चर सरळ करणं, हातोडीने टकटक, पुन्हा डायल, पुन्हा टकटक, यात वीस-पंचवीस मिनिटं सहज गेली. मग टूल. लागणारा एक ड्रिल दुसऱ्या मशीनच्या मॅगझिनमध्ये (मशीनमधल्या टूल ठेवायच्या जागेत), ते मशीन चालू, म्हणजे त्याची सायकल संपेपर्यंत थांबा. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर होता पण जुन्या रिव्हिजनचा, सेटरने आठवून दोन ओळी बदलल्या. पहिला पीस निघाला. आता तो चेक व्हायला पाहिजे, तर इन्स्पेक्टर आलेला कच्चा माल तपासत होता, आणि प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) ऑफिसच्या कपाटात, कपाटाची चावी शेठच्या खिशात, शेठ बँकेत. तिथे चाळीस मिनिटं गेली. या सगळ्या वेळात ऑपरेटर मशीनला टेकून उभा होता, आणि कुणी बाहेरचा आला असता तर म्हणाला असता, बघा कसा आरामात उभा आहे.

त्या पूर्ण वेळात मशीन बंद ठेवूनच करावं लागेल असं काम किती होतं? जुनं फिक्स्चर काढणं, नवीन बसवणं, पहिला पीस काढणं. बाकी सगळं, म्हणजे बोल्ट गोळा करणं, टूल होल्डरमध्ये बांधून ठेवणं, गेज आणून ठेवणं, प्रोग्रॅम बघून ठेवणं, हे आधीचा जॉब चालू असतानाच उरकता आलं असतं. हा फरक सगळ्यात आधी नीट मांडला तो शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीत, म्हणजे आजची माझदा, ८०० टनी प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना म्हणून माणूस तासभर शोधत फिरला, ते बघून त्याच्या लक्षात आलं की सेटिंगमध्ये दोन प्रकारची कामं असतात, मशीन थांबवून करायची आणि चालू असताना करायची, आणि आपण दोन्ही मशीन थांबवूनच करतो. पुढे १९६९ मध्ये टोयोटामध्ये १,००० टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली गेली. तीन मिनिटं आपल्याला नकोत. पण सुरुवात बोल्ट शोधण्यापासूनच झाली होती हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या शॉपमध्येही वेळ तिथेच जातो.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. एक व्हीएमसी निवडा, एकच. तुमच्या जुन्या सेटरशी बोला, आमच्याकडे अशा माणसाला मास्तर म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. त्यांना सांगा की मला एक सेटिंग पूर्ण व्हिडिओ करायची आहे, तुमचं काम तपासायला नाही, तुम्हाला कुठे कुठे थांबावं लागतं ते बघायला. त्यांनी हो म्हटलं तरच करा. नंतर तो व्हिडिओ त्यांच्याबरोबर आणि ऑपरेटरबरोबर बसून बघा, एकट्याने ऑफिसमध्ये बसून बघू नका. ते स्वतःच बोलायला लागतील, ताई हे बघा इथे मला स्पॅनर नव्हता, इथे मी गेजसाठी थांबलो. तुम्ही फक्त लिहून घ्या. त्या दिवशी तुमच्या हातात जे येईल ते कुठल्याही कन्सल्टंटच्या रिपोर्टमध्ये येणार नाही.

मग करायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक जॉबची एक ट्रॉली किंवा ट्रे, त्यात त्या जॉबचे बोल्ट, क्लॅम्प, गेज, ड्रॉइंग आणि सेटिंग शीट, पुढचा जॉब कुठला ते सकाळीच ठरलेलं आणि त्याची ट्रॉली आधीचा जॉब संपायच्या आत मशीनपाशी उभी. बोल्ट सगळे एकाच साइजचे करून टाका, हजार-दोन हजारांचा खर्च आहे. मॅगझिनमध्ये वीस-चोवीस पॉकेट असतात, त्यातली दहा-बारा टूल कायमची त्याच नंबरवर ठेवा, तुमच्या सगळ्या पार्टला लागणारे फेस मिल, सेंटर ड्रिल, नेहमीच्या साइजचे ड्रिल आणि टॅप, आणि प्रोग्रॅममधले टूल नंबर त्याप्रमाणे एकदा बदलून घ्या, हे कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय. गेजच्या कपाटाची चावी उद्यापासून इन्स्पेक्टरकडे. यात बाबांना वाईट वाटण्यासारखं काही नाही, नीट सांगा.

आणि फिक्स्चर सरळ करण्यात जी वीस-पंचवीस मिनिटं जातात त्यावर कायमचा उपाय म्हणजे टेबलवर एक बेस प्लेट पक्की बसवायची, तिला ठरलेल्या अंतरावर डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं, आणि प्रत्येक फिक्स्चरच्या खाली त्याच अंतराचे डॉवेल. मग फिक्स्चर ठेवलं की ते त्याच जागी बसतं, डायल लावून फक्त खात्री करायची, आणि जी-५४ ची व्हॅल्यू (पीसचा शून्यबिंदू कुठे ते मशीनला सांगणारा आकडा) सेटिंग शीटवरून टाकायची. हे काम कुणी करायचं माहितीये? बाबांनी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवणारं ठिकाण म्हणूनच, आणि तिथे शिकलेल्या माणसाला फिक्स्चर कसं असावं हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना हिशोबाच्या टेबलावरून उठवून प्लेटचं ड्रॉइंग काढायला बसवा, माणसं ढिली आहेत ही तक्रार आपोआप कमी होईल असं मला मनापासून वाटतं, कारण आत्ता त्यांना शॉपमध्ये करण्यासारखं काही उरलेलंच नाहीये.

आता त्या ३,००० पीसबद्दल, कारण तुमच्या लेट डिलिव्हरीचं खरं कारण तिथे आहे. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला, आत पडून असलेला माल भागिले रोज बाहेर जाणारा माल म्हणजे एका पीसला आतून बाहेर पडायला लागणारे दिवस. तुमचे ३,००० भागिले २००, म्हणजे १५ दिवस. पंधरा कामाचे दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच आठवडे! आणि एका बॉडीवर प्रत्यक्ष कटिंग किती होत असेल, सगळे ऑपरेशन धरून, अर्धा तास, फार तर तास. बाकीचा सगळा वेळ तो पीस क्रेटमध्ये पडून वाट बघतोय. ऑर्डर लेट होते ती कटिंग हळू आहे म्हणून नाही. आज घेतलेला अर्जंट जॉब या पंधरा दिवसांच्या रांगेत मागे उभा राहतो, मग तुम्ही तो ओढून पुढे घेता, त्यासाठी चालू जॉब अर्धवट काढून सेटिंग मोडता, आणखी दोन तास गेले, आणि ज्याचा जॉब काढला तोही उद्या लेट. हे चक्र तुम्ही रोज बघत असाल.

हे पीस साचतात का? ऑर्डर ८० पीसची असते, पण मास्तर म्हणतात एवढी दोन तास खपून सेटिंग केलीय तर ३०० काढून टाकू, पुढच्या महिन्यात लागतीलच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण त्या जास्तीच्या २२० पीसनी मशीन अडवली, कास्टिंगचे पैसे अडकवले, जागा अडवली, आणि मधल्या काळात कस्टमरने ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली तर ते भंगारात. म्हणून सेटिंग पन्नास मिनिटांवर आली की सगळा वाचलेला वेळ जास्त पीस काढण्यात घालवू नका. दोनऐवजी तीन सेटिंग करा. तीन गुणिले पन्नास म्हणजे दीडशे मिनिटं, आत्ता दोनशे चाळीस जातात, तरीही नव्वद मिनिटं वाचलीच आणि लॉट छोटे झाले. दोन-तीन महिन्यांत तुमचे ३,००० चे १,५०० झाले आणि डिस्पॅच तेवढाच राहिला तरी माल १५ ऐवजी साडेसात दिवसांत बाहेर पडेल. कस्टमरला कपॅसिटीशी घेणंदेणं नसतं हो, त्याला तारीख पाळलेली हवी असते.

एक नियम मात्र कडक पाळावा लागेल. सीएनसीवाल्यांनी व्हीएमसीच्या पुढे किती माल ठेवायचा याची हद्द घाला. जमिनीवर पिवळा पट्टा आखा, दोन दिवसांच्या कामाइतके क्रेट मावतील एवढा, पट्टा भरला की सीएनसीने त्या पार्टचं काम थांबवायचं आणि तो ऑपरेटर डीबरिंगला (पीसच्या धारदार कडा साफ करायला) किंवा पुढच्या सेटिंगच्या तयारीला जायचा. हे बघायला फार जड जातं, चालू शकणारं मशीन मुद्दाम बंद ठेवायचं म्हणजे बाबांचा जीव खालीवर होईल. पण तुमच्या शॉपमधून माल व्हीएमसीच्या वेगानेच बाहेर पडतो, सीएनसीने कितीही काढलं तरी ते ढिगातच जाणार आहे.

आता ज्या गोष्टीवर हे सगळं अडतं ती. तुमची माणसं रोज तीनेक तास ओव्हरटाइम करतात, वर रविवार. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे त्यांच्या हातात येणाऱ्या पैशांचा मोठा भाग ओव्हरटाइमचा आहे. त्यावर कुणाच्या खोलीचं भाडं ठरलंय, कुणाच्या मोटरसायकलचा हप्ता, कुणी दाहोदला घरी पैसे पाठवतो. आता तुम्ही येऊन म्हणणार की सेटिंग लवकर करा म्हणजे संध्याकाळी साडेपाचला सुटी. त्याने ऐकलं काय, की पगार कमी होणार. मग कुठली ट्रॉली आणि कुठली शीट, पंधरा दिवसांत सगळं जागच्या जागी परत येईल आणि तुम्हाला वाटेल माणसं ऐकत नाहीत. मी हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कुणीही सुधारणेचं बोललं की मी आधी विचारतो, ओव्हरटाइमचं काय ठरवलंय?

ताई, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळ्यांसमोर सांगा. माझं म्हणणं, गेल्या सहा महिन्यांचा प्रत्येकाचा ओव्हरटाइम काढा, त्याची सरासरी काढा, आणि पुढचे सहा महिने ओव्हरटाइम झाला किंवा नाही झाला तरी तेवढी रक्कम हमीने द्या, अट एवढीच की ठरलेला डिस्पॅच वेळेत जायला पाहिजे. तुम्हाला यात जास्तीचा रुपया जात नाही, आजही देताच आहात. सहा महिन्यांनी जे वाचलं असेल, लाईट बिल, रिजेक्शन, लेट डिलिव्हरीची पेनल्टी, त्यातून त्यांचा मूळ पगार वाढवा. आणि कुणालाही काढणार नाही हे स्पष्ट बोला. हे तोंडी नको, नोटीस बोर्डवर लावा, गुजराती आणि हिंदी दोन्हीत, तुमची आणि बाबांची सही.

मास्तरांचं तर वेगळंच. फीड किती ठेवायचा, कुठल्या कास्टिंगला क्लॅम्प कुठे धरायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि तीच त्यांची किंमत आहे असं त्यांना वाटतं, आणि ते काही चूक नाही. तुम्ही सेटिंग शीटवर सगळं लिहून घ्यायला लागलात तर त्यांना वाटणार आता माझी गरज संपली. म्हणून शीट त्यांच्याच नावाने करा, खाली "सेटिंग तयार करणारे" म्हणून त्यांची सही, दोन पोरं त्यांच्या हाताखाली शिकायला द्या, शिकवण्याचे वेगळे पैसे द्या. होळीला दाहोद-पंचमहालची माणसं गावी जातात, दिवाळी ते लाभपाचम अर्धं शॉप रिकामं असतं, तेव्हा एकाच माणसाला सेटिंग येत असेल तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

कन्सल्टंटच्या ८५ टक्क्यांबद्दल. ओईई म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार, मशीन किती वेळ उपलब्ध होतं, ठरलेल्या वेगाच्या किती वेगाने चाललं, आणि निघालेल्यातले चांगले पीस किती. ही पद्धत जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएममधून (सगळ्यांनी मिळून मशीनची निगा राखायच्या पद्धतीतून) आणली, आणि ८५ आला तो ९० गुणिले ९५ गुणिले ९९ मधून. एकच पार्ट दिवसरात्र चालणाऱ्या लाईनला हे ठीक. तुमचं ११ पैकी ७ तास म्हणजे पहिलाच आकडा ६४ च्या खाली आहे, म्हणून ८५ हा आकडा आज भिंतीवर लावला तर दोनच गोष्टी होतील, एक तर लोक खोटं लिहितील किंवा आकडा चांगला दिसावा म्हणून सेटिंगच टाळतील आणि ३०० ऐवजी ५०० पीस काढतील. म्हणजे तुमचा रोग वाढेल. सध्या ओईई विसरा आणि एकच मोजा, दोन्ही व्हीएमसी दिवसात किती मिनिटं उभ्या होत्या आणि कशासाठी.

त्याला ईआरपी लागत नाही. प्रत्येक व्हीएमसीला एक वही दोरीने बांधा. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं, त्याला येईल त्या भाषेत. कारणं आधी छापून देऊ नका, त्याचे शब्द येऊ द्या. पहिले दोन आठवडे त्या वहीवरून कुणालाही एक शब्द बोलायचा नाही, बाबांनीही नाही, हे आधी बाबांकडून कबूल करून घ्या, कारण एकदा जरी कुणी वही दाखवून ओरडलं तर तिसऱ्या दिवसापासून वहीत फक्त "लाईट गेली" एवढंच येईल. दोन आठवड्यांनी बेरीज करा. माझा अंदाज आहे सेटिंग पहिली येईल, पहिला पीस पास व्हायची वाट दुसरी, कास्टिंग किंवा टूल नाही हे तिसरं. अंदाज चुकला तर वहीचं ऐका, माझं नको. ईआरपी वाईट नाही, पण ज्या शॉपमध्ये कुठला क्रेट कुठे आहे हे रोज शोधावं लागतं तिथे ती शोधाशोध कॉम्प्युटरमध्ये गेल्याने थांबत नाही, वर एक डेटा एंट्रीचा माणूस वाढतो. वर्षभराने बघू.

जाता जाता कंप्रेसरचं एक करा, पैसे लगेच दिसतात. एखाद्या रविवारी सगळी मशीन बंद असताना फक्त कंप्रेसर चालू ठेवा आणि शॉपमध्ये फिरा, जिथे जिथे फुस्स आवाज येतोय तिथे खडूने खूण करा, साबणाचं पाणी लावून बघा. मग लीकेज बंद करून प्रेशर जेवढं खरंच लागतं तेवढंच ठेवा. एक बार प्रेशर कमी केलं की कंप्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के कमी होते.

सरकारी मदतीचं विचारलं नाहीत पण सांगतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या व्याख्येत मशीनरीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि टर्नओव्हर १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरतात, टर्नओव्हर ४ कोटी म्हणजे तुम्ही बहुतेक त्यात बसता, मशीनरीचा आकडा सीएकडून बघून घ्या. उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना आहे, २०२३ मध्ये सुरू झालेली, बेसिक, इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, वरच्या दोन पायऱ्यांना सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार देतं. वही आणि व्हिडिओचं काम आधी स्वतः करा आणि मगच यात जा, म्हणजे येणाऱ्या सल्लागाराला तुम्ही नेमकं काम सांगू शकाल. आणि कस्टमरचं पेमेंट नव्वद-नव्वद दिवसांनी येत असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, आणि इन्कम टॅक्सच्या नियमामुळे वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळते. बिलावर उद्यम नंबर छापा. भांडायची गरज नाही, मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना नंबर दिसला की पुरतं. हे मध्येच सांगतोय कारण कास्टिंग वेळेवर येत नाही याचं कारण पुष्कळदा फाउंड्रीवाल्याचे पैसे आपण थकवलेले असतात आणि आपले पैसे वरच्याने.

आता मशीन कधी घ्यायची ते. तीन महिने हे करा. त्यानंतरही वहीत दिसलं की दोन्ही व्हीएमसी ११ पैकी आठ-साडेआठ तास खरंच कटिंग करतायत, लॉट छोटे झालेत, पिवळा पट्टा तरी भरलेलाच राहतोय, आणि कस्टमरकडून पुढच्या वर्षाचं शेड्यूल लेखी आहे, तर निर्धास्तपणे लोन घ्या, मी स्वतः म्हणेन घ्या. आणि तेव्हा जी घ्याल तिच्या टेबलवर बाबांची बेस प्लेट आणि तेच टूल नंबर पहिल्या दिवसापासून बसवा, म्हणजे कुठलंही फिक्स्चर तिन्ही मशीनवर चालेल.

सोमवारी वही बांधा. दोन आठवड्यांनी पहिल्या चार पानांचे फोटो पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.